दीड फूट खालचा उंबरा

माझ्या ऑफिसच्या टेबलावर लोकांनी सातबारे ठेवले, नकाशे ठेवले, पेढ्यांचे बॉक्स ठेवले. मेलेले मासे मात्र एकाच माणसाने आणून ठेवले.

चैत्र महिना होता. विरारला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नोकरीला होते. सकाळी नुकतीच येऊन बोर्डवर ट्रेसिंग पेपर चिकटवत होते, तेवढ्यात साठीतला एक माणूस सरळ आत आला. अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल. हातातली ओली पिशवी त्याने माझ्या बोर्डवर उपडी केली. सात-आठ बोयी ट्रेसिंगवर पसरल्या. बोय हा आमच्याकडचा खाडीतला मासा. जिवंत असताना रुपेरी आणि चपळ. ह्यांची तोंडं उघडी होती आणि डोळे पांढरे पडले होते.

"बाय, ही बग," तो म्हणाला. "तुज्या दारानं मारली. पिशवीत मावली तेवडीच आनलीत. बाकीची खाजनात उलटी तरंगतात."

हे गोविंद म्हात्रे. मी त्यांना पुढे वीस वर्षं गोविंदकाका म्हणत आले. ती आमची तिसरी-चौथी भेट असेल.

दार म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण फ्लॅटात वाढलेल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. मी स्वतः तुळिंजच्या बिल्डिंगमध्ये राहणारी, मूळची कोकणातली, स्थापत्याचा डिप्लोमा केलेली. मलाही नव्हतं. खाडीच्या कडेला सखल जमीन असते, ते खाजण. खाडी आणि खाजण यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, आणि त्या बांधात एक दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. उघाडीला खाडीच्या बाजूने लाकडी झडपा टांगलेल्या असतात. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने झडपा मिटतात, खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपा ढकलून निघून जातं. माणसाने हात लावायला नको. पावसाळ्यात अशा खाजणात भात होतं. दिवाळीत भात कापलं की झडपा वर बांधून टाकायच्या आणि आतून बांबूच्या कामट्यांची जाळी लावायची. मग भरतीबरोबर बोयीची, जिताड्याची, कोळंबीची बारीक पिल्लं आत येतात, खाजणात चरून मोठी होतात आणि जाळीतून परत जाऊ शकत नाहीत. वैशाखात गाव मासे धरतं. खत नाही, खाद्य नाही, सगळं भरती-ओहोटीवर. विरारच्या उत्तरेला वैतरणेच्या खाडीकडे गोविंदकाकांचं गाव आहे, तिथली वीस-बावीस घरं याच खाजणावर जगत होती.

त्यांची जुनी लाकडी उघाडी कुजली म्हणून गावाने पक्की बांधायचं ठरवलं आणि काम आमच्या ऑफिसकडे आलं. साहेबांनी ते माझ्याकडे टाकलं, कारण बाकी सगळे टॉवरच्या नकाशांत होते. मी पुस्तक उघडलं, नदीच्या बांधातल्या दरवाजाचं एक तयार ड्रॉइंग घेतलं आणि काँक्रीटची तीन गाळ्यांची, लोखंडी झडपांची उघाडी काढली. पाया खणताना चिखल ढासळू लागला, पाणी उपसणं जमेना, तेव्हा मी उंबरा, म्हणजे दाराचा तळ, जुन्यापेक्षा दीड फूट वर घेतला. दीड फूट! कागदावर ती रेघ वर सरकवायला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

तो दीड फूट बोयींच्या जिवावर उठला होता.

"भांगाचं पानीच येत नाय आत," गोविंदकाका म्हणाले. मला कळलं नाही, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ते खुर्चीवर न बसता तिथेच उकिडवे बसले आणि मेलेली बोय हातात धरून त्यांनी मला भरती शिकवली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी उंच चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी जेमतेम वर येतं. जुना उंबरा इतका खाली होता की भांगाचं पाणीही रोज थोडं आत यायचं आणि तळाचं शिळं पाणी बाहेर जायचं. माझ्या उंबऱ्यावरून फक्त उधाणाचं पाणी येत होतं. मधले सात-आठ दिवस खाजण बंद डबक्यासारखं. त्यात चैत्राचं ऊन. पाणी तापलं, तळ कुजला, पहाटे मासे वर येऊन तोंडं वासू लागले, आणि मेले.

"कुनी सांगितला तुला उंबरा वर घ्यायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटलं.

 त्यांनी मासे पुन्हा पिशवीत भरले आणि ते म्हणाले, "गावात चल. तिकडं बोल."

साहेब म्हणाले, "राणे, तू जाऊ नकोस. कंत्राटदाराने लेव्हल चुकवली असं पत्र देऊ." कंत्राटदाराने लेव्हल बरोबर घेतली होती, मी लिहून दिलेली. मी गेले. देवळाच्या पडवीत माणसं बसली होती, बायका पायरीपाशी उभ्या. खाजणाचा वास तिथपर्यंत येत होता. मी उभी राहून म्हटलं, "चूक माझी आहे. मी भरती न मोजता उंबरा वर घेतला. दुरुस्त मीच करून देते." एक बाई म्हणाली, "आनि ह्या वर्षाचं काय?"   त्या वर्षी त्या गावातली कितीतरी माणसं मिठागरांवर मजुरीला गेली, हे मला पुढे कळत गेलं. माझ्या कामाचा अभिमान सांगायला बसले आहे खरी, पण त्याच्या तळाशी हे आहे.

पुढचे पंधरा दिवस, एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत, मी सुट्टी टाकून बांधावर बसले. बांबूला फूट-इंचाच्या पांढऱ्या-काळ्या खुणा रंगवून एक पट्टी खाडीच्या बाजूला रोवली, एक खाजणाच्या बाजूला. दिवसाच्या भरत्या मी वहीत लिहायची, रात्रीच्या गोविंदकाका ध्यानात ठेवायचे आणि सकाळी सांगायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या आकड्यांत दोन इंचांचीही चूक मला कधी सापडली नाही. सुरुवातीला मी पडताळून पाहायची. चौथ्या दिवसानंतर ते सोडून दिलं. मजा म्हणजे माझं माप चुकलं की त्यांना ते लगेच कळायचं. "वाऱ्याचं पानी धरलंस तू," म्हणायचे. वारा खाडीकडून असला की पाणी बोटभर जास्त चढतं, ते वजा करायला मी त्यांच्याकडून शिकले.

उंबरा किती खाली हवा, ते कळलं. पण न्यायचा कसा? काँक्रीट फोडून, खाली खणून, चिखलात पुन्हा काँक्रीट ओतायचं तर ते घट्ट व्हायच्या आत उधाण येणार. भांगाचे चार-पाच दिवस काय ते हातात. यावर तोड निघाली ती अर्नाळ्याला. गोविंदकाका मला तिथल्या हरिश्चंद्र तांडेल नावाच्या सुताराकडे घेऊन गेले. हा माणूस आयुष्यभर होड्या बांधत आला होता. वाळूत एक होडी उलटी घालून फटींत कापूस ठोकत होता. मी ड्रॉइंग पसरलं. त्याने ते पाहिलंच नाही. हाताने हवेत चौकट काढून विचारलं, "एवडी? आनि खाली उंबरा?"

"हो."

"मंग तिकडं कशाला बांधता? हितं बांधू आनि पान्यातून नेऊ."

 आख्खी चौकट, उंबऱ्यासकट, सागवानाची, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बनवायची. भरतीला होड्यांच्या मध्ये बांधून खाडीतून न्यायची आणि ओहोटीला जागेवर बसवायची. डिप्लोमाच्या तीन वर्षांत असलं काही कुणी शिकवलं नव्हतं.

तांडेलांनी मोडीत काढलेल्या एका मोठ्या होडीचं सागवान घेतलं. वर्षानुवर्षं खारं पाणी प्यालेलं लाकूड. त्याला आता किडीची भीती नव्हती. लोखंडी बिजागऱ्या मी काढून टाकल्या. एका वर्षात गंज चढून त्या करकरायला लागल्या होत्या. त्यांच्या जागी लाकडी खुंट्या. मधल्या गाळ्याच्या चौकटीला दोन्ही बाजूंना खाचा ठेवल्या आणि त्यांत एकावर एक बसणाऱ्या फळ्या. हवी तितकी पाण्याची पातळी राखायची असेल तर तितक्या फळ्या टाकायच्या; पावसाळ्यात त्या काढून तिथेही झडपच सोडायची. बाकीचे दोन गाळे पावसाच्या पाण्यासाठी तसेच ठेवले.

भांगाच्या दिवसांत गावातल्या बायका-पुरुषांनी उघाडीच्या तोंडाशी मातीचा छोटा बांध घातला, मधल्या गाळ्याचा काँक्रीटचा उंबरा घणाने फोडला, तळ खणला. चौथ्या दिवशी दुपारच्या भरतीला दोन होड्या खाडीच्या वळणावर दिसल्या. मधे ती चौकट, आणि चौकटीवर पाय सोडून बसलेले तांडेल. ओहोटी लागली तशी चौकट इंच इंच खाली उतरत गेली. मी पातळी बघायची पाणसळ धरून चिखलात मांड्यांपर्यंत उभी. शेवटी ती बसली तेव्हा एका कोपऱ्यात बोटभर फरक होता. तांडेल खाली उतरले, खांद्याने एक धक्का दिला, फरक गेला.

दुसऱ्या दिवशीचा भांग उंबऱ्यावरून आत आला. गुडघाभरही नव्हतं पाणी. गोविंदकाकांनी ओंजळीत घेऊन पाहिलं. ओंजळीत केसासारखी बारीक तीन-चार पिल्लं होती. त्यांनी ती खाजणात सोडली आणि मला म्हणाले, "घरी जा आता. हात-पाय धू."

त्या कामानंतर मी 'पाण्याच्या दारांची बाई' झाले. लोक शोधत यायचे. कोळंबीच्या तळ्याला पाणी जायला-यायला मोरी हवी, मिठागराच्या पाटाला झडप हवी. सगळ्यांत लक्षात राहिल्या त्या नंदाखालच्या मोनिका बाय. नारळी-केळीच्या वाडीत त्यांचं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पाऊस त्यात साठतो, जमिनीत मुरतो आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी गोड राहतं. मोनिका बाय त्यात कटला आणि मरळ वाढवायच्या. दर पावसाळ्यात बावखल भरून वाहायचं आणि मासे शेजारच्या वाडीत जायचे. शेजारी त्यांचा सख्खा दीर होता आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

घरात त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, माझ्याशी चर्चमधल्या प्रवचनासारखं शुद्ध. म्हणाल्या, "असं काहीतरी बांधा, की माझे मासे तिकडे जाणार नाहीत."

"जादा पाणी जायला जाळी लावून सांडवा करू."

"पण त्याचे मासे इकडे आले तर त्यांना अडवायचं नाही."

मी त्यांना समजावलं, की पाणी एकाच बाजूला वाहतं, आणि जाळीला कोणता मासा कुणाचा ते कळत नाही.

"मग एवढं शिकून उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

सांडवा झाला, दगडी पायऱ्या झाल्या, गाळ अडायला एक छोटं कुंड झालं. उद्घाटनाला त्यांनी फादरना बोलावलं. खरं कारण त्या दिवशी चहा घेताना सांगितलं. मुलांना ते बावखल बुजवून गाड्या लावायला जागा करायची होती. "नुसतं पाणी होतं तोवर ते त्यांना खड्डा दिसत होतं," त्या म्हणाल्या. "आता पायऱ्या आहेत. पायऱ्या असलेल्या जागेवर माती टाकायला माणूस जरा कचरतो." हे त्यांचं म्हणणं मी पुढे अनेक ठिकाणी वापरलं. जिथे पाणथळ जागा वाचवायची, तिथे काहीतरी लहानसं, देखणं, पक्कं बांधून द्यायचं. एक घाट, एक मोरी, निदान दगडी कठडा.

प्रत्येक वेळी मात्र ते जमलं नाही. गोविंदकाकांच्या खाजणाला लागून कोरडी जमीन होती. तिच्यावर कॉलनी उभी करायचं काम आमच्याच ऑफिसकडे आलं. कॉलनीचा रस्ता एका नाळेवरून जाणार होता. नाळ म्हणजे खाडीचा बारीक फाटा. ह्या नाळेतून बांधाबाहेरच्या तिवरांना, म्हणजे खारफुटीला, रोजचं पाणी मिळत होतं. तिवरं खाडीत उभी असतात म्हणून लाटा बांधापर्यंत जोराने पोचत नाहीत. तिवरं गेली की मातीचा बांध फार टिकत नाही. मी रस्त्याखाली सहा फूट रुंदीची, नाळेच्या तळाला तळ भिडवलेली मोरी काढली. बिल्डरला दोन पाइप टाकून भराव घालायचा होता.

साहेब म्हणाले, "राणे, त्या चिखलासाठी पार्टी घालवू का मी?"

"साहेब, चिखल राहू द्या. पाणी एका बाजूला तुंबलं की भराव खचेल. रस्ता बसेल."

"सही कर."

"पाइपांवर माझी सही मिळणार नाही."

फाइल दुसऱ्याकडे गेली. नोकरी सोडली, असं लिहायला मला आवडलं असतं. सोडली नाही. तुळिंजचं घर नुकतंच घेतलं होतं, नवऱ्याची कंपनी बंद पडायच्या बेतात होती. मी दुसऱ्या बिल्डिंगचे जिने काढत बसले आणि तिकडे भराव पडत राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता मधोमध खचला, दुधाची गाडी त्यात कलंडली. तेव्हा साहेबांनी माझं जुनं ड्रॉइंग शोधायला सांगितलं. शोधायला लागलंच नाही, ते माझ्याच कपाटात होतं. मोरी झाली. पाणी परत फिरलं, तिवरांना नवी पानं फुटली. पण दोन वर्षांत वाळून गेलेला रस्त्याकडचा पट्टा परत आला नाही. तिथे आज कचरा पडतो. तेव्हा मी सही दिली नाही, इतकंच केलं. आरडाओरडा करायला हवा होता, गावाला घेऊन उभं राहायला हवं होतं. ते केलं नाही.

कॉलनीत माणसं राहायला आली. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत, मुंबईत नोकरी करणारे, व्यवस्थित माणूस. त्यांना खाजणाचा वास यायचा, डास यायचे, आणि ते दर महिन्याला पत्रं लिहायचे. खाजण बुजवून बगीचा करावा, असं त्यांचं म्हणणं. एका पत्राची प्रत मलाही आली. त्यात उघाडीला त्यांनी 'कालबाह्य अडथळा' म्हटलं होतं. गोविंदकाकांना मी ते वाचून दाखवलं. "म्हंजी काय?" त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला. ते बराच वेळ हसले.

मग तो जुलै आला. दोन दिवस पाऊस थांबेना. तिसऱ्या दिवशी अमावास्या होती, आणि आमच्याकडे अमावास्येची भरती भर दुपारी बाराच्या सुमाराला चढते. अकराला मला गोविंदकाकांच्या सुनेचा, सुनंदाचा, फोन आला. गावातल्या दुकानातून केलेला. "बाय, लवकर या. कॉलनीतली मानसं पहारी घेऊन आलीत. बांध फोडतो म्हनतात."

गाड्या बंद होत्या. एका टेम्पोवाल्याने अर्ध्यापर्यंत सोडलं, पुढे मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेले. बांधावर दोन घोळके समोरासमोर उभे होते. कॉलनीतले पंचवीस-तीस पुरुष, हातात पहारी आणि फावडी, पुढे सावंत, चष्म्यावरून पाणी ओघळतंय. समोर गावातली माणसं. मधे, उघाडीच्या कठड्यावर, गोविंदकाका बसलेले. एव्हाना त्यांना नीट उभं राहवत नव्हतं. शेजारी सुनंदा.

"मॅडम, बरं झालं आलात," सावंत म्हणाले. "आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी आहे. म्हातारी माणसं पलंगावर बसवलीत. ह्यांचा बांध पाणी अडवतोय आणि हे दार उघडत नाहीत!"

"दार कुणी उघडत नाही, सावंतसाहेब. ते आपोआप उघडतं."

"मग उघडत का नाही?"

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना कठड्यापाशी नेलं. दोन्ही बाजूंना माझ्या पट्ट्या होत्या. दर वर्षी रंगवत होते मी त्या. "आतलं पाणी कुठे आहे, वाचा."

त्यांनी वाचलं. "साडेसहा."

"आता खाडीकडची वाचा."

ते वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. "आठ."

"दीड फूट उंच आहे खाडी. आत्ता बांध फोडलात तर तुमचं पाणी बाहेर जाणार नाही. खाडी तुमच्या घरात येईल."

 मागून कुणीतरी ओरडलं, "ही बाई त्यांचीच आहे!" एकाने पहार मातीत घातलीसुद्धा. सावंत वळून म्हणाले, "थांब जरा! मी स्वतः वाचलंय." मग मला हळूच विचारलं, "किती वेळ?"

मी गोविंदकाकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अडीच तास."

त्या अडीच तासांइतका लांब वेळ मी नोकरीत पाहिला नाही. दोन्ही घोळके बांधावरच बसले. एकच पाऊस सगळ्यांवर. सावंत दर पाच मिनिटांनी उठून पट्टी वाचायचे आणि मोठ्याने सांगायचे, "पावणेआठ... साडेसात... सव्वासात." इकडे आतलं पाणी चढत होतं. बांध एका ठिकाणी पाझरायला लागला, तेव्हा कॉलनीतल्याच चौघांनी न सांगता पोती भरून तिथे टाकली.

अडीचच्या सुमाराला दोन्ही पट्ट्या सारख्या झाल्या. पहिल्या गाळ्याची झडप हलली, किंचित उघडली, परत मिटली, मग धाडकन उघडली. तिसऱ्याचीही. मधली मात्र जागची हलेना. तिच्या आणि चौकटीच्या मधे काहीतरी अडकलं होतं. मी काही बोलायच्या आत सुनंदाने कासोटा मारला, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक दिराच्या हातात दिलं आणि खाडीच्या बाजूने खाली उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत. सावंतांनीही तो दोर धरला. तिने डोकं पाण्याखाली घातलं, वर काढलं, पुन्हा घातलं. तिसऱ्या वेळी वर आली ती एक फाटकी गादी ओढत. गादी सुटली तशी झडप इतक्या जोरात उघडली की तिला दोराने उचलूनच घ्यावं लागलं.

तीन गाळ्यांतून पाण्याचे तीन लोट खाडीत कोसळू लागले. आमच्या पायाखालचा कठडा थरथरत होता. मी काँक्रीटला हात लावून तो थरकाप पाहत होते, आणि खरं सांगते, आयुष्यात स्वतःचा इतका अभिमान मला कधी वाटला नाही. पाच वाजेपर्यंत कॉलनीतल्या तळमजल्यांच्या फरशा दिसायला लागल्या. सावंतांनी पुन्हा कधी बगीच्याचं पत्र लिहिलं नाही. पुढच्या वर्षीपासून पावसाळ्याआधी उघाडीतला कचरा काढायला सोसायटीची माणसं यायला लागली. यादी सावंतच करायचे, आणि गैरहजर राहणाऱ्याला पत्र पाठवायचे.

गोविंदकाका त्यानंतर दोन वर्षांनी गेले. उघाडी कुणी राखायची यावर गावात फार चर्चा झाली नाही. सुनंदा आधीपासून राखतच होती.

त्याच सुमाराला एक दिवस मी सहज बघायला गेले आणि माझं डोकं फिरलं. मधल्या गाळ्यातल्या सगळ्यांत खालच्या फळीला कुणीतरी पंजाएवढं भोक पाडून त्यात लाकडी बूच ठोकलं होतं. तांडेलांचं सागवान!

"हे कुणी केलं?"

"मी," सुनंदा म्हणाली. "बसा. ओहोटी लागू दे."

ओहोटी लागली. तिने खाली वाकून बूच उपटलं. भोकातून काळं, सडक्या वासाचं पाणी पिचकारीसारखं निघालं. पाच-सात मिनिटं काळंच येत राहिलं, मग हळूहळू निवळ झालं. तिने बूच परत ठोकलं.

"तुमच्या फळ्यांनी वरचं पानी जातं, ते चांगलं असतं," ती म्हणाली. "घान खाली बसते. ती काडायची तर सगळ्या फळ्या उचला, मंग मासे पन जातात. म्हनून भोक पाडलं. दोन वर्सं झाली, एक बोय मेली नाय."

दोन वर्षं. म्हणजे गोविंदकाका असतानाच. त्यांनीही मला सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी उघाडीचं मूळ ड्रॉइंग काढलं आणि फळीत ते भोक दाखवलं, माप घातलं. आमच्या ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तीत तीन रकाने: काढलं, तपासलं, मंजूर. दुरुस्तीच्या प्रतीवर 'काढलं'मध्ये मी सही केली आणि तो कागद घेऊन खाजणावर गेले. सुनंदा जाळी धूत होती. मी 'तपासलं'वर बोट ठेवून पेन तिच्या हातात दिलं.

तिने हात पदराला पुसले. कागद कठड्यावर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून एका बाजूला कोयता ठेवला. ती सातवीपर्यंत शिकली होती, पण बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं.

"पूर्न नाव लिवू?"

"पूर्ण लिही."

तिने लिहिलं, 'सुनंदा काशिनाथ म्हात्रे'. एकेक अक्षर ठसठशीत, मोठं. नाव रकान्यात मावलं नाही. आडनाव शेजारच्या 'मंजूर'मध्ये गेलं. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी कागद गुंडाळला आणि ते तसंच राहू दिलं.